तापीबाईना पोऱ्या

“आधी रिकामा दखाड,” उखाआबा म्हणाले.

ग्रामपंचायतीच्या ओसरीत चटईवर पेटी उघडून बसलेल्या रिनाने मान वर केली. “काय रिकामा, आबा?”

“काटा. हाई तुन्हं मशीन. माल टाकाना आगोदर रिकामा काटा दखाडनं पडस. मारकेटना कायदा शे.”

ओसरीतल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. कोरीट गावाला आबांचा हा कायदा नवा नव्हता. नंदुरबारच्या मिरची बाजारात आबांनी उभा जन्म मापाडी म्हणून काढला होता. मिरचीने त्यांचा घसा खरबरीत केला आणि काट्याने स्वभाव. पोत्याच्या तळाशी कुणी ओली मिरची दडवली आहे, पारड्याखाली कुणी चिंच चिकटवली आहे, हे हुडकता हुडकता माणूस असा होऊन गेला की हुडकायला काही नसलं म्हणजे त्याला करमत नसे. दूधवाल्याच्या मापात ते बोट बुडवून बघत. एसटीचं तिकीट उजेडात धरून बघत. निर्मलाबाई, म्हणजे आबांची बायको, तर चारचौघांत सांगायची, “मन्हा लगीनमा हाऊ माणूस बोटवर फेरा मोजी ऱ्हायना व्हता. भट एखादा फेरा खाई जाई म्हणीसन!”

रिना काही हसली नाही. धडगावकडच्या डोंगरातली पोरगी, आश्रमशाळेत शिकून रक्त तपासायचं काम शिकलेली. गावोगावी हिंडून लोकांचा संशय तिला भाकरीसारखा रोजचा झाला होता. “दाखवते की,” ती म्हणाली. तिने नळीत रक्ताऐवजी साधं पाणी सोडलं आणि नळी पेटीत ठेवली. पेटी ती केवढी, तर शेतात न्यायच्या जेवणाच्या डब्याएवढी. बॅटरीवर चालणारी. आत नळी कोमट होत राहायची, मग तिच्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टीवर एकच रेघ उमटली, वरची.

“ही वरची रेघ पट्टी चालू आहे एवढंच सांगते. खाली काही नाही. म्हणजे काटा रिकामा. पटलं?”

आबांनी पट्टी उलटी करून पाहिली, हुंगली. “आनी रगत टाकं म्हणजे?”

“आईबापाकडून आपल्या अंगात एक मजकूर येतो असं समजा. सिकलच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आजारात त्या मजकुरात एकच अक्षर चुकलेलं असतं. ह्या नळीत कात्री आहे. डोळ्याला दिसायची नाही इतकी बारीक. ती बरोबर ते चुकलेलं अक्षर हुडकते. सापडलं की कापत सुटते आणि पट्टीवर खालची रेघ येते. दुसरी नळी असते ती चांगलं अक्षर हुडकते. प्रत्येकाला दोन पट्ट्या.”

“कात्री?” मागून कुणीतरी म्हणालं. “पोरेसना रगतमा कात्री?”

“नळीत, मावशी. अंगात काही जात नाही. एक थेंब बाहेर येतो, तेवढंच.” आणि मग रिनाने, खरं बोलायची खोड म्हणून, नको ते सांगितलं. “ही कात्री मुळात शास्त्रज्ञ जनुक बदलायला वापरतात. पिकाचं, माणसाचं. इथे मात्र ती काही बदलत नाही, फक्त हुडकते.”

झालं! आबांनी तेवढाच शब्द उचलला. “म्हणजे बदली बी सकस. आज हुडकस, सकाय बदलाले कितला येळ लागस?” एका बाईने आपलं पोर उचललं आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तिच्यामागे आणखी एक.

आबा स्वतः मात्र हलले नाहीत, कारण त्यांनी सुनेला शब्द दिला होता.

रोहिणी ही त्यांची सून. तिची पहिली पोरगी उठून बसायला लागली आणि गेली. त्यानंतरचा हा भाग्येश, तीन वर्षांचा. थंडी पडली की त्याच्या हातापायांचे पंजे सुजत, डोळे हळदीसारखे होत, आणि पाय धरून तो असा कण्हत बसे की शेजारपाजारचे लोक दारं लोटून घेत. नंदुरबारला एका डॉक्टरने टॉनिक दिलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त काढून घेतलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात रिपोर्टच सापडेना. तेव्हा आबांनी जाहीर केलं की ज्या दुकानात माल आत नेऊन मोजतात त्या दुकानाची पायरी आपण चढायची नाही. मग हे पेटीचं शिबिर गावात येणार असं कळलं तेव्हा रोहिणी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “आबा, रगत तुमना डोयासमोर. निकाल बी तुमना डोयासमोर.” आबांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि अट घातली. “एक डाव. मशीन खोटं निंघनं तं पुन्हा दवाखानानं नाव काढानं नही. मंग मी त्याले भगतकडे लई जासू.”

रोहिणी कबूल झाली. करते काय? तिला पुन्हा दिवस गेले होते. आधीची गेली, हा कण्हतो, आणि पोटातलं कसलं निघेल या धास्तीने तिला घास गिळवत नव्हता. तिचा नवरा ईश्वर मिरचीचा टेम्पो घेऊन शहाद्याला गेलेला. तो असता तरी बापापुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हता.

रिनाने भाग्येशचं बोट धरलं. पोरगं रडलं नाही. दुखण्याचा सराव असलेलं ते पोर. सुईकडे त्याने नुसतं बघितलं आणि थेंब आल्यावर आबांकडे वळून म्हणालं, “लाल शे.”

“लाल शे,” आबांनीही तपासून सांगितलं.

तासाभराने दोन पट्ट्या चटईवर मांडल्या. चांगलं अक्षर हुडकणाऱ्या पट्टीवर खालची रेघ नव्हती. चुकलेलं हुडकणाऱ्या पट्टीवर होती, जाड, ठसठशीत. रिनाचा चेहरा उतरला. “सिकल आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “अर्धं नाही, पूर्ण. आईकडूनही आलंय आणि बापाकडूनही. औषध आहे आबा, घाबरू नका. रोजची गोळी घेतली तर हे दुखणं पुष्कळ आटोक्यात राहतं. पण आईबापाचंही बघावं लागेल. आई कोण?”

ओसरीतल्या सगळ्या बायांनी एकदम बोट केलं ते भिंतीशी बसलेल्या तापीबाईकडे.

आता हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं! गावात कुणाची पोरं जगत नसली की नवं पोर पाचवीला सुपात घालून दाराबाहेर ठेवतात. शेजारीण येते, ‘हाई कोनं वं? कोनंच नही? मंग मन्हं,’ असं म्हणून उचलते. पोर तिचं झालं. मग घरचे लोक तिला सूपभर ज्वारी देतात आणि पोर सांभाळायला म्हणून परत आणतात. कपाळावर लिहायला आलेली सटवाई घर चुकते. म्हणते, इथलं पोर तर दुसरीचं, इथे काय लिहू? अशी पोरं मग सुपडू होतात. काही घरांत सुपाऐवजी उकिरड्यावर ठेवतात, ती उखा होतात. आपले आबा त्यातलेच. त्यांच्या आधीची सगळी भावंडं गेली म्हणून आईने त्यांना उकिरड्यावर ठेवलं होतं, आणि ते जगले. त्यांच्या चुलत्याचं नाव सुपडू. त्यांच्या आत्येभावाचंही सुपडू.

तेव्हा भाग्येश हे नाव अंगणवाडीपुरतं. गल्लीत तो सुपडू, आणि समोरच्या घरातल्या तापीबाईचा पोरगा. तापीबाई चाळिशीची. नवरा सुरतेला गेला तो तिकडेच दुसरं घर करून राहिला, पदरी मूल नाही. सुपातलं पोर तिने उचललं तेव्हा गावाने रीत पाहिली, पण तिने रीतीपुरतं उचललं नव्हतं. पोर तिला ‘माय’ म्हणे. रोहिणीला ‘वहिनी’. आणि घरातल्या कुणी, चुकूनसुद्धा, झोपेतसुद्धा, ‘आमचं पोर’ म्हणायचं नाही. त्यात आबा सगळ्यांत कडक. बाजारात कुणी विचारलं, आबा नातू कसा आहे, तर आबा म्हणत, “माले नातू नही. तापीबाईना पोऱ्या शे, आमनाकडे खेळाले येस.”

त्यामुळे ‘आई कोण’ म्हटल्यावर सगळ्यांनी तापीबाईकडे बोट केलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. रोहिणी अर्धवट उठली होती. निर्मलाबाईने तिचा पदर धरून खाली बसवली. तापीबाई हात पुसत पुढे झाली आणि तिने बोट दिलं. तोंडावर असा मान की जणू हळदीकुंकवाला बोलावलंय.

पट्टी व्हायला पुन्हा वेळ होता. समोरच्या मोकळ्या जागेत, पथारीवर, मिरची वाळत पडली होती, वारा आला की सगळी ओसरी खोकायची. आबा पेटीपासून हलायला तयार नव्हते. रिनाने आणलेली भाकरी फडक्यातून सोडली तेव्हा आबांनी तिच्या भाकरीतही एकदा नजर टाकून घेतली.

“मी काय म्हणस पोरी,” ते म्हणाले, “हाई बिमारी तं तुमनाकडली. डोंगरनी. आमना गावमा कठे ऱ्हास?”

रिनाने घास गिळला. “माझा भाऊ ह्यानेच गेला, आबा. आमच्या पाड्यावर म्हणायचे, ही खालच्या गावांतून वर आली. तुमच्याकडे म्हणतात, वरून खाली आली. मी जिथे जाते तिथे ही बिमारी दुसरीकडूनच आलेली असते.” तिचा आवाज चढला होता. तिने भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला आणि पाणी प्यायली. आबांनी नजर मिरचीकडे वळवली.

तापीबाईच्या पट्ट्या निघाल्या. रिनाने त्या पाहिल्या, डोळे पुसून पुन्हा पाहिल्या, नळ्यांवरची नावं ताडली. चांगल्या अक्षराच्या पट्टीवर खालची रेघ, चुकलेल्याच्या पट्टीवर नुसती वरची. अगदी स्वच्छ.

“हे होत नाही,” ती पुटपुटली.

“काय नही व्हत?” आबांचे कान टवकारले.

“पोराला एक अक्षर आईकडून येतं, एक बापाकडून. ह्याची दोन्ही चुकलेली आहेत. म्हणजे आईकडे एक तरी चुकलेलं पाहिजेच. ह्यांच्याकडे एकही नाही.” तिने तापीबाईकडे पाहिलं आणि अवघडून म्हणाली, “मावशी, राग मानू नका. हे पोर तुमचं नाही.”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पोराची खरी आई कोण हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते बोलायचं कुणी? जो बोलेल त्याच्या तोंडून सटवाईला पत्ता लागणार. तापीबाईचा चेहरा मात्र पांढरा पडला. तिने पोराला ओढून छातीशी धरलं. “तू कोन वं सांगनारी? मन्हा पोऱ्या शे. सुपमातून उचलेल शे मी त्याले!”

“खरं सांगा हो कुणीतरी,” रिना काकुळतीने म्हणाली.

“तापीबाईनाच शे,” एक म्हातारी म्हणाली.

“तापीबाईनाच. सगळा गावले माहीत शे,” दुसरी म्हणाली. मग सगळ्याच. कुणी छातीवर हात ठेवून, कुणी गळ्यातल्या मण्यांना हात लावून. एवढं एकदिलाने कोरीट गाव मतदानालाही कधी बोललं नसेल.

आणि आबा उठून उभे राहिले. आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण होता तो! “देखा,” ते गरजले, “देखा, मी काय सांगी ऱ्हायंतू! मायना मांडीवरना पोऱ्याले हाई मशीन म्हणस, तुन्हा नही. खोटा काटा! पासंग लायेल काटा!” लोक हसले, टाळ्या पडल्या. उरलेल्या बायांनी आपापली पोरं उठवली. कात्रीची भीती होतीच, आता तर निमित्तही मिळालं.

रिना आवरू लागली. “नमुने कुठेतरी बदलले असणार,” ती कुणाला तरी, बहुधा स्वतःलाच, सांगत होती. “आईचं जुळत नाही म्हटल्यावर पोराचाही निकाल मला धरता येणार नाही. दोन्ही बाद करावे लागतील.” तिने त्या जाड रेघेची पट्टी उचलून कचऱ्याच्या पिशवीकडे नेली.

आबा पायऱ्या उतरून जोडे घालत होते. एक जोडा घातला, दुसरा पायात जाईना. काहीतरी टोचत होतं. जोडा झटकून पाहिला, खडा नव्हता.

काटा खोटा कसा? सगळं गाव एका बाजूला झालं होतं. सगळ्यांनी मिळून पारड्यावर अंगठा दाबला होता, त्यात त्यांचा स्वतःचाही होता. आणि ती डब्याएवढी पेटी, जिला गाव माहीत नाही, सूप माहीत नाही, सटवाई माहीत नाही, ती तेवढी खरं बोलली होती. तापीबाई ह्याची आई नाही, हे तिने एका थेंबावरून ओळखलं. सबंध जन्मात आबांनी अनेक काटे खोटे ठरवले. लबाडाचे ठरवले, बड्या व्यापाऱ्याचे तोंडावर ठरवले. पण खऱ्या काट्याला खोटा म्हणायचं पाप त्यांच्या हातून झालं नव्हतं. आज ते भर ओसरीत झालं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती जाड रेघ खरी होती मग. पोरगा सिकलचा होता.

“आबा.”

रोहिणी पायरीवर उभी होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. एक हात पोटावर. “ती पट्टी टाकी ऱ्हायनी, आबा. आते तुमी सांगतस का मी सांगू?”

निर्मलाबाई किंचाळली, “ए वं! तोंड बंद कर! मायनी म्हणं तं सटवाई लगेच ऐकस!”

“ऐकू दे,” रोहिणी म्हणाली. “दोन वरीसथीन तो माले वहिनी म्हणस. मी ऐकी ली ऱ्हायनू. पहिली पोर गई तवय बी मी गप. आते तो मरी तरी मी गपच बसू? वहिनीच म्हणीसन?”

आबांना तिचं भय कळलं आणि आपलंही कळलं. ते भीत होते. मिरची बाजारात ज्याने गुंडाच्या हातातली तागडी हिसकावून घेतली तो माणूस सुपातल्या पोराचं नाव घ्यायला भीत होता. पहिली नात उठून बसायला लागली त्या दिवशी त्यांनी तिला मोठ्याने ‘मन्ही नात’ म्हटलं होतं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्याच आठवड्यात ती गेली. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून त्यांना वाटे की आपल्या तोंडानेच पत्ता दिला.

आता कुणीतरी बोलायलाच हवं होतं. आणि आईने बोलण्यापेक्षा दुसऱ्या कुणी बोललेलं बरं. बोलणारा असा हवा की ज्याच्यावर सटवाईचा हात चालत नाही.

एका पायात जोडा, एक पाय उघडा, असे आबा पुन्हा पायऱ्या चढले.

“ए पोरी, पट्टी टाकू नको. तुन्हा काटा खरा शे.”

रिना तशीच थांबली. निघालेली माणसं वळली.

“हाऊ पोऱ्या तापीबाईना नही,” आबा म्हणाले. खरबरीत आवाज एकदा फाटला, त्यांनी खाकरून तो नीट केला. “हाऊ मन्हा नातू शे. मन्हा ईश्वरना पोऱ्या. भाग्येश नाव शे त्यानं. आनी हाई रोहिणी, हाई त्यानी माय.”

निर्मलाबाईने झेप घेऊन नातवाचे दोन्ही कान झाकले, जसं काही त्याने ऐकलं नाही म्हणजे कुणीच ऐकलं नाही. आबांनी मान वर केली, ओसरीच्या पत्र्याकडे, त्याच्याही वर कुठेतरी.

“आनी तू वं! तुले ऐकनं व्हई तं मन्हं ऐक. मी सांगेल शे, तिनी नही. नाव लिखी ले मन्हं, उखा. माले उकिरडावर टाकेल व्हतं, तठेथीन तुले उचलता उनं नही. आते ये, देखस मी.”

मग ते चटईवर बसले, धोतर सावरलं आणि रिनाला म्हणाले, “तिनं रगत ले. आनी मन्हं बी ले.”

“तुमची गरज नाही, आबा. आईचं आणि बापाचं.”

“बापकडे कठेथीन उनं ते माले देखनं शे.”

रोहिणीच्या दोन्ही पट्ट्यांवर खालची रेघ आली. अर्धं चांगलं, अर्धं चुकलेलं. तिला स्वतःला कधी काही झालं नव्हतं, होणारही नव्हतं. आबांच्याही दोन्ही पट्ट्यांवर खालची रेघ आली. त्यांनी चुकलेल्या अक्षराची पट्टी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. न जगलेली भावंडं. चुलता सुपडू, आत्येभाऊ सुपडू, आपण उखा. घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच नावं का फिरत आली होती? डोंगरावरून काही आलं नव्हतं. ते इथेच होतं, आईच्या दुधासोबत, आणि आपण त्याला नावं ठेवत आलो होतो, सुपडू आणि उखा.

“पोराला आणि ईश्वरला उद्या घेऊन जा,” रिना सांगत होती. “सरकारी दवाखान्यात अजून एकदा पक्कं करून घेतील आणि पोराच्या गोळ्या सुरू करतील. आणि ताई, तुम्ही मात्र दिवस घालवू नका. पोटातल्या बाळाचं आत्ताच बघता येतं. मी स्वतः फोन करून ठेवते.” मग तिने विचारलं, “आबा, दवाखान्यात जाल ना?”

“जासू,” आबा म्हणाले. “पन मी मोरे बसीसन देखसू.”

“बघा,” रिना म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

या सगळ्या गडबडीत तापीबाई कधी उठून गेली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती आली ते दिवेलागणीच्या आधी. आबा ओट्यावर बसले होते, रोहिणी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. ईश्वर शहाद्याहून यायचा होता. तापीबाईच्या हातात सूप होतं. पाचवीचं तेच सूप. ते तिने इतकी वर्षं भिंतीला टांगून ठेवलं होतं, त्यात कधी धान्य पाखडलं नव्हतं. आज त्यात ज्वारी होती, काठोकाठ.

“त्या दिननी शे,” ती म्हणाली. “सौदा मोडना तं मालनं मोल परत करनं पडस ना आबा? मोजी ल्या.”

आबांची जुनी तागडी ओट्याच्या खुंटीवरच होती. गल्लीतली बाई मूठभर तीळ उसने परत द्यायला आली तरी ती खुंटीवरून उतरत असे. आबांनी तागडीकडे पाहिलं, मग तापीबाईकडे. तिचे डोळे सुजले होते, केस मात्र नीट विंचरून आली होती.

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “मोजानं काय शे त्यामा.”

आतल्या घरातून निर्मलाबाईने डोकं बाहेर काढलं. नवऱ्याच्या तोंडून असलं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

तापीबाई ओट्याच्या कडेला टेकली. चुकलंय कुणाचं, तर कुणाचंच नाही. मग माफी तरी कशाची मागावी? आबांनी सुपारी काढली, ती तिच्यापुढे धरली, तिने मान हलवली.

आत भाग्येश झोपेतून उठला. थंडीने त्याचे पाय पुन्हा दुखायला लागले असावेत. त्याने हाक मारली, “माय!”

“ओ,” तापीबाई म्हणाली.

“ओ,” रोहिणी म्हणाली.

दोघी एकाच वेळी उठल्या होत्या. तापीबाई तशीच वाकलेली राहिली, हात ओट्यावर टेकलेला, आणि मग हळूच परत खाली बसली.

“जाय वं,” ती रोहिणीला म्हणाली. “तुलेच बलाई ऱ्हायना.”

रोहिणी आत गेली. आतून तिचा आवाज यायला लागला, पाय चोळता चोळता काहीबाही बोलण्याचा. तापीबाईने सूप मांडीवर ओढलं आणि ज्वारी निवडायला घेतली. ती घरून निवडूनच आणलेली होती, खडा काही सापडत नव्हता. तरी ती हुडकत राहिली.